गॅलापॅगोस क्रूझचा एक दिवस: फर्नांडिना आणि इसाबेलावर प्राणी नीट बघायचे असतील तर

गॅलापॅगोसला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरच्या पॅसिफिकमधल्या बेटांवर, जायचं ठरलं की लोक आधी बोटीचे फोटो बघतात, केबिनला बाल्कनी आहे का, वर जकुझी आहे का वगैरे, आणि रूट कुठला हे सगळ्यात शेवटी विचारतात. हे उलटं करा. कुठली बोट कुठल्या दिवशी कुठल्या बेटावर थांबणार हे तिथे नॅशनल पार्क ठरवून देतं, कॅप्टनला वाटलं म्हणून बोट दुसरीकडे वळत नाही. म्हणजे तुम्हाला काय बघायला मिळणार हे बुकिंगच्या वेळीच ठरलेलं असतं. मी इथे पश्चिमेकडच्या रूटवरचा एकच दिवस घेतोय, सकाळी फर्नांडिनावरचं पुंता एस्पिनोझा आणि दुपारी समोरच्या इसाबेलावरचं टॅगस कोव्ह, कारण माझ्या मते अख्ख्या गॅलापॅगोसमध्ये एवढा भरगच्च दिवस दुसरा नाही. फर्नांडिनावर माणसांची वस्ती नाही, माणसाने आणून सोडलेले उंदीर-मांजरं-बकऱ्या असलं काहीही तिथे नाही, आणि गावात हॉटेल घेऊन रोजच्या डे टूर करणाऱ्यांना ते बेट सहसा मिळतच नाही. क्रूझ घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

निघायच्या आधीची कामं पटकन सांगतो. इक्वाडोरचा व्हिसा भारतीय पासपोर्टला लागतो, त्याचे नियम बदलत असतात त्यामुळे तिकीट काढायच्या आधी बघा. येलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत सेंटरमधूनच घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा, कारण इक्वाडोर भारताच्या येलो फीव्हरच्या यादीत आहे आणि परत येताना मुंबईला कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. घरात कोणी साठीच्या पुढचं असेल तर ही लस घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. पार्कची एन्ट्री फी १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर झालीये आणि ती कॅश लागते, तेव्हा डॉलर बरोबर हवेत. इक्वाडोरमध्ये चलनच अमेरिकन डॉलर आहे, त्यामुळे तिथे जाऊन बदलायची भानगड नाही. विमानतळावर बॅगा तपासतात, फळं, भाज्या, बिया, रोपं काहीही चालत नाही. घरचं खाणं न्यायचं असेल तर सीलबंद पाकिटातलं न्या आणि फॉर्मवर लिहा, लपवू नका. शाकाहारी किंवा जैन जेवण लागत असेल तर बुकिंग करतानाच लेखी कळवा. "व्हेज" म्हटलं की मासे चालतील असं तिकडे बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून मासे नाही, अंडं नाही, असं एकेक करून लिहून द्या.

बोटी १६ माणसांच्या छोट्या यॉटपासून १०० जणांच्या जहाजापर्यंत असतात. शंभराच्या वर परवानगीच नाही. आणि कुठल्याही बोटीवर एका गाइडबरोबर जास्तीत जास्त १६ जणच उतरू शकतात. छोटी बोट मस्त वाटते पण हलते जास्त, विशेषतः जून ते नोव्हेंबर. ज्यांना एसटीत पण मळमळतं त्यांनी मोठी बोट घ्यावी आणि केबिन खालच्या डेकवर, मधोमध मागावी.

आदल्या रात्री

जेवणाच्या आधी गाइड उद्याचं ब्रीफिंग देतो. लोक तिथे ड्रिंक घेऊन गप्पा मारत बसतात, तुम्ही तीन गोष्टी कान देऊन ऐका. लँडिंग ड्राय की वेट, स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून, तोंड पाण्यात घालून खालचं बघणं) किती वाजता, आणि ओहोटी कधी. ड्राय लँडिंग म्हणजे छोट्या रबरी बोटीतून, जिला तिकडे पांगा म्हणतात, थेट खडकावर किंवा धक्क्यावर पाय टाकायचा, तेव्हा बूट घालून जायचं. वेट लँडिंग म्हणजे किनाऱ्याजवळ गुडघाभर पाण्यात उतरायचं, तेव्हा सँडल आणि वर दुमडता येईल अशी पँट. पुंता एस्पिनोझा हे ड्राय लँडिंग आहे पण नावावर जाऊ नका, ओहोटीला तिथला खडक शेवाळाने भयंकर घसरडा असतो.

बॅग रात्रीच भरून ठेवा. टोपी (हनुवटीखाली दोरी असलेली, नाहीतर वाऱ्याने गेलीच समजा), पाण्याची बाटली, सनस्क्रीन, दुर्बीण, कॅमेरा, आणि सगळं एका ड्राय बॅगेत. खाण्याचं काहीही नाही, बेटावर बिस्किटसुद्धा न्यायला बंदी आहे, फक्त पाणी. दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरे. कॅमेऱ्याबद्दल लोक फार टेन्शन घेतात, खरं सांगायचं तर इथे ६०० एमएमची तोफ लागत नाही. १०० ते ४०० ची एक झूम लेन्स असेल तर उत्तम, नाहीतर चांगला फोन घेऊन गेलात तरी मित्रांना जळवायला पुरेसे फोटो मिळतील. फ्लॅश पूर्ण बंद ठेवा. ड्रोन तर घरीच ठेवा, पार्कची स्पेशल परवानगी असल्याशिवाय उडवता येत नाही.

बोट लागायचा त्रास असेल तर अव्होमिन किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी बोट हलायला लागायच्या आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. झोप येते त्या गोळीने, म्हणून रात्रीची बरी.

सकाळ: फर्नांडिना

साडेसहाला उठवतात, सातला नाश्ता, आठच्या आसपास पांगा सुटतो. भरती-ओहोटीप्रमाणे हे पुढेमागे होतं. माझा सल्ला, सहालाच डेकवर या. बोट तेव्हा बोलिव्हार चॅनलमध्ये असते, फर्नांडिना आणि इसाबेलाच्या मधल्या सामुद्रधुनीत, आणि खालून येणारं थंड, पोषक पाणी इथे पृष्ठभागावर येतं म्हणून मासे भरपूर आणि माशांच्या मागे बाकी सगळे. डॉल्फिनचे कळप, कधी ब्रायडीज व्हेल, नशीब जोरावर असेल तर ओर्का. व्हेल शोधायची म्हणजे व्हेल शोधायची नाही, पाण्यावर उडणारा फवारा शोधायचा किंवा एकाच जागी घिरट्या घालणारे, सूर मारणारे पक्षी शोधायचे. डोळ्यांनी क्षितिज सावकाश झाडून काढा आणि काही हललं तरच दुर्बीण लावा. सुरुवातीपासून दुर्बीण लावून बसलात तर चक्कर येईल, बाकी काही हाती लागणार नाही.

पांग्यात चढता-उतरताना खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजा पकडू नका. एकमेकांचं मनगट पकडायचं, एकाचा हात ओला असला तरी पकड सुटत नाही. कॅमेरा गळ्यात किंवा हातात नको, बॅगेत. दोन्ही हात मोकळे. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हा प्रकार घरी सोफ्यावरून उठताना दोन-चारदा करून घ्या, हसतील, पण तिथे भीती जाते.

उतरल्यावर पहिला नियम, दोन मीटर अंतर. प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं आणि पांढऱ्या-काळ्या खुंट्यांनी आखलेल्या वाटेतच चालायचं. प्राणी स्वतःहून तुमच्या जवळ आला तर तुम्ही मागे सरका, हात लावायचा नाही, पिल्लाला तर अजिबात नाही. दुसरा नियम कुठे लिहिलेला नाही पण मी सांगतो: पाय टाकण्याआधी खाली बघा. मरीन इग्वाना लाव्हासारखेच काळे असतात आणि शेकड्याने एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडलेले असतात, त्यांच्या शेपट्या वाटेवर आलेल्या असतात. एखाद्या दगडावर पाय ठेवायला जावं आणि दगडाने डोळा मिचकावावा असं तिथे सारखं होतं.

आणि इथेच बहुतेकांचा सगळा खेळ बिघडतो. ताडोबात आपण चार तास जिप्सीत धूळ खात बसतो, सांबराचा कॉल आला की श्वास रोखतो, आणि वाघाची शेपटी दिसली तरी पैसे वसूल. ती सवय घेऊन इथे आलं की माणूस पहिल्या वीस मिनिटांत इग्वाना, सी लायन, लाल खेकडे, पाणकावळा सगळ्यावर टिक मारतो, दोनशे फोटो काढतो, आणि मग "झालं, आता पुढे काय" म्हणून गाइडकडे बघतो. इथे शोधायचं काहीच नाहीये हो. प्राणी पळत नाहीत, लपत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरून येणारा मोठा शिकारी त्यांना माहीत नाही. म्हणून इथली पद्धत वेगळी ठेवा: एक प्राणी निवडा आणि त्याच्यासमोर पंधरा मिनिटं बसा. ग्रुप पुढे जायला लागला तर गाइडला आधीच सांगून ठेवा की आम्हाला थोडं थांबायचंय. ग्रुपला सोडून एकट्याने मागे राहता येत नाही, पण चांगला गाइड अख्ख्या ग्रुपला थांबवतो.

इग्वानापासून सुरुवात करा. सकाळी ते गार पडलेले असतात, आडवे पसरून ऊन खात असतात, काही करत नाहीत असं वाटतं. जरा थांबा. एकजण फुस्सकन नाकातून पाण्याचा फवारा उडवेल. ते मीठ आहे. समुद्रातलं शेवाळ खाताना पोटात गेलेलं जास्तीचं मीठ एका ग्रंथीतून असं नाकावाटे बाहेर टाकतात आणि ते परत त्यांच्याच डोक्यावर पडून वाळतं, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर तो पांढरा थर. वारा तुमच्या दिशेला असेल तर चष्मा पुसायची तयारी ठेवा. ऊन चढलं की तेच इग्वाना छाती उचलून तोंड सूर्याकडे करून बसतात, म्हणजे अंगावर कमीत कमी ऊन पडतं. मग ओहोटी लागली की हालचाल सुरू होते, माद्या आणि लहान इग्वाना उघड्या पडलेल्या खडकांवरचं शेवाळ खातात आणि मोठे नर थेट समुद्रात शिरून बुडी मारतात. समुद्रात जाऊन चरणारी ही जगातली एकमेव पाल-सरड्याच्या जातीतली मंडळी. आणि एक भन्नाट गोष्ट, एल निन्योच्या वर्षी पाणी तापून शेवाळ मरतं तेव्हा हे उपाशी इग्वाना नुसते वाळत नाहीत, लांबीने पण कमी होतात, आणि खाणं परत मिळालं की परत वाढतात.

पुढे टोकाच्या बाजूला पाणकावळ्यांची घरटी असतात. आपल्याकडे तलावावर पंख पसरून बसलेला पाणकावळा सगळ्यांनी पाहिलेला असतो, हा त्याचाच भाऊबंद पण उडायचं विसरलेला. पंख उडायला लागतील त्याच्या जेमतेम एक तृतीयांश, फाटक्या छत्रीसारखे लटकतात. तरी पाण्यातून वर आला की अगदी इमानदारीत ते पसरून वाळवत उभा राहतो. फक्त फर्नांडिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावरच हा सापडतो, बाकी जगात कुठेच नाही. साधारण मार्च ते सप्टेंबर घरट्यांचा हंगाम. घरटं म्हणजे शेवाळाचा एक ओला ढीग. त्याच्या समोर, लांब, खाली बसा. थोड्या वेळाने जोडीदार पाण्यातून वर येतो, चोचीत समुद्री शेवाळाची जुडी, खडकांवरून धडपडत, इग्वानांना ओलांडत घरट्यापाशी पोचतो. बसलेला पक्षी मान सापासारखी फिरवून घोगऱ्या आवाजात काहीतरी बोलतो, जुडी ताब्यात घेतो, इकडे खोचतो, नाही पटत, काढतो, तिकडे खोचतो. डोळे एवढे निळे-हिरवे असतात की फोटोत लोकांना वाटतं फिल्टर लावलाय. हे सगळं रिकाम्या हाताने परत येणाऱ्याच्या बाबतीत कसं बदलतं तेही बघा.

वर आकाशात किंवा एखाद्या लाव्हाच्या उंचवट्यावर गॅलापॅगोस हॉक हा शिकारी पक्षी दिसला तर आजूबाजूच्या छोट्या इग्वानांकडे लक्ष ठेवा, तो त्यांच्याच मागे असतो. वाळूच्या पट्ट्याजवळ पट्ट्यापट्ट्यांचे बारीक साप दिसले तर घाबरू नका, माणसाला त्यांच्यापासून धोका नाही, फक्त वाट द्या. सी लायनच्या बाबतीत मात्र जरा जपून. माद्या आणि पिल्लं गोड असतात, पण कपाळावर टेंगूळ असलेला मोठा नर भुंकत इकडून तिकडे फिरत असेल तर तो किनारा त्याचा आहे, दोन मीटर पुरत नाहीत, चांगलं लांबून जा.

बेटाचा वरचा भाग म्हणजे ला कुम्ब्रे ज्वालामुखी, अगदी जिवंत, २ मार्च २०२४ ला त्याचा स्फोट झाला होता आणि लाव्हा पुढे समुद्रापर्यंत गेला. तुम्ही ज्यावर चालता तोही लाव्हाच, कुठे दोरखंडासारखा वळलेला गुळगुळीत, कुठे काचेसारखा धारदार. म्हणून बूट बंद आणि जाड तळव्याचे हवेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी न्या, टोकाला रबर असलेली. याच बेटावर २०१९ मध्ये एक म्हातारी कासवीण सापडली, १९०६ नंतर त्या जातीचं कासव कोणी पाहिलंच नव्हतं, संपलं असंच धरून चालले होते. तिचं नाव फर्नांडा ठेवलंय. तुम्हाला ती दिसणार नाही, ती सांताक्रूझ या दुसऱ्या बेटावरच्या ब्रीडिंग सेंटरमध्ये आहे.

पाण्यात

साडेदहा-अकराला स्नॉर्केलिंग. हे चुकवू नका, पोहता येत नसेल तरी. लाइफ जॅकेट घालून पांग्याची दोरी धरून नुसतं तोंड पाण्यात घातलं तरी खाली हिरवी कासवं सावकाश चरताना दिसतात आणि वेळ बरोबर असेल तर इग्वाना नखांनी खडक घट्ट पकडून लाटेच्या झोक्याबरोबर डुलत शेवाळ खरवडताना दिसतो. जमिनीवर दिवसभर मख्ख पडलेला तो हाच यावर विश्वास बसत नाही. पण घरच्या स्विमिंग पूलमध्ये एकदा मास्क लावून श्वास घ्यायची प्रॅक्टिस करून जा, पहिल्यांदाच समुद्रात मास्क लावला की माणूस घाबरून नाकाने श्वास घ्यायला बघतो.

पाणी गार आहे, विषुववृत्त वगैरे विसरा. जून ते नोव्हेंबर या बाजूला १८-२० डिग्री असतं. वेटसूट बोटीवर मिळतो, पहिल्याच दिवशी घालून साइज बघून घ्या, सैल सूटचा काही उपयोग नाही. मास्कच्या काचेला आतून थोडा बेबी शाम्पू चोळून विसळला की वाफ धरत नाही. पाठ आणि माना भाजतात, त्यामुळे फुल बाह्यांचा स्विम टॉप घाला म्हणजे सनस्क्रीन कमी लागेल, आणि जे लावाल ते ऑक्सिबेन्झोन नसलेलं. कासवाच्या मागे हात मारत जाऊ नका, ते चार फटक्यांत गायब होतं. स्थिर तरंगत राहिलात तर ते स्वतःच बाजूने जातं.

थंडी वाजायला लागली की हात वर करून पांगा बोलवा, शेवटपर्यंत ताणायचं नाही. दुपारचा कार्यक्रम बाकी आहे.

दुपार: टॅगस कोव्ह

जेवण झालं की झोपा. खरंच. साडेबारा ते तीन ऊन डोक्यावर असतं आणि बोट इसाबेलाकडे जात असते. ज्यांना झोप येत नाही त्यांनी सावलीत डेकवर बसून परत पाण्याकडे नजर ठेवावी. सकाळपासून दामटणारे लोक दुपारी चढावर बसकण मारतात हे मी बघितलंय.

टॅगस कोव्हमध्ये आधी पांग्यातून कड्याच्या कडेने फेरी असते आणि ती चढापेक्षा भारी असते असं माझं मत आहे. गॅलापॅगोस पेंग्विन इथे दिसतात. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन पाहिले असतील तर हे त्यांचेच जवळचे नातेवाईक पण आणखी छोटे, उंची अर्ध्या मीटरच्या आसपास. पाण्यालगतच्या कपारीत दोन-तीन उभे असतात, काळ्या खडकावर पाठ काळी, त्यामुळे पांढरं पोट शोधा, किंवा खडकावरून खाली ओघळलेले पांढरे डाग शोधा. चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं तर ते करतात, आणि इंजिन बंद झालं की पेंग्विन पाण्यात उतरायची शक्यता वाढते. पांग्यात कोणीही उठून उभं राहायचं नाही, फोटो बसूनच काढायचे, नाहीतर मागच्याच्या फ्रेममध्ये फक्त तुमची पाठ येते.

मग लाकडी पायऱ्या चढून वर डार्विन लेकची वाट. खाली कड्यावर जुन्या जहाजांची नावं कोरलेली-रंगवलेली दिसतात, सगळ्यात जुनं १८३६ चं. डार्विन स्वतः १८३५ मध्ये बीगल जहाजातून या बाजूला आला होता. आता काही लिहिलंत तर थेट कारवाई, आपली "अमुक लव्हज तमुक" परंपरा किल्ल्यांवरून इथे आणू नये ही नम्र विनंती. तळं खारं आहे, समुद्रापेक्षाही जास्त. वाटेवर पालो सांतोची पांढुरकी झाडं, कोरड्या दिवसांत पानं नसलेली, आणि त्यात फिंच नावाचे छोटे पक्षी. फिंच ओळखायचा नाद सोडा, गाइडसुद्धा कधीकधी खांदे उडवतात. चोच जाड की बारीक आणि तो जमिनीवर काय उकरतोय एवढं बघितलंत तरी पुष्कळ. ज्यांना चढ नको त्यांनी खाली पांग्याचीच जास्तीची फेरी मागावी, बहुतेक बोटी देतात.

सहाच्या आत सगळे बेटाबाहेर, हा पार्कचा नियम.

संध्याकाळ आणि रात्र

बोटीवर चढताना बूट-पाय धुवून घेतात, ते मनापासून करा. एका बेटाचं बी दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून ते आहे, तळव्याच्या खाचेतली माती काढायला जुना टूथब्रश बरोबर ठेवा.

मग लगेच कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करणं, बॅटरी चार्जिंगला लावणं, आणि दोन ओळी लिहून ठेवणं. कुठला प्राणी काय करत होता एवढंच लिहा, नावं गाइडला विचारून. घरी आल्यावर हजार फोटोंत हे अजिबात आठवत नाही.

जेवणानंतर बोट इसाबेलाच्या उत्तर टोकाला वळसा घालते आणि विषुववृत्त ओलांडते, बऱ्याच बोटींवर त्यासाठी सगळ्यांना ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, बोलावतात, जीपीएसवर शून्य यायची वाट बघत आरडाओरडा होतो. तिथून पुढे समुद्र मोकळा, बोट हलणार. टेबलावरचं सगळं खाली जमिनीवर ठेवा, ड्रॉवर लॉक करा, गोळी घ्यायची असेल तर जेवण झाल्या झाल्या घ्या. डेकवर जाणार असाल तर एक हात कायम रेलिंगला. बोटीच्या उजेडात पांढरे पक्षी बाजूने उडताना दिसले तर ते स्वॅलो-टेल्ड गल (समुद्रपक्ष्याची एक जात), रात्री शिकार करणारा हा एकमेव गल आहे. वेटसूट बाहेर वाळत घातला असेल तर क्लिप दोन लावा, रात्रीच्या वाऱ्यात सूट उडून जातात आणि उद्या सकाळी परत पाण्यात उतरायचंय.